साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी स्पर्शाची खेळणी: आधी काय, नंतर काय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी साडेतीन वर्षांची. सातव्या महिन्यात झाली, आरओपीमुळे (वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) उजव्या डोळ्याला फक्त उजेड-अंधार कळतो, डाव्याने अगदी जवळचं थोडंफार दिसतं. हातात काही दिलं की फेकते, ओलं-चिकट काही लागलं की हात आखडून घेते. तुम्ही ऑनलाइन एक संच बघून ठेवलाय, त्यात ब्रेलचे ठोकळे, प्लास्टिकचे प्राणी आणि उठावाच्या चित्रांची पुस्तकं आहेत. तो घ्यावा का, आणि ब्रेल कधी सुरू करायचं, हे तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ आहे की आजी तिला स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, भाजेल म्हणून. माझ्या दृष्टीने प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. मी गेली २२ वर्षं नागपुरात लहान अंध आणि अल्पदृष्टी मुलांसोबत काम करते, बहुतेक घरोघरी जाऊन, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

संच आत्ता घेऊ नका. वस्तू वाईट आहेत म्हणून नाही, तिच्या हातांची वेळ अजून आलेली नाही म्हणून.

डोळ्याला वस्तू एका नजरेत सगळी दिसते, तिचे बारकावे आपण मागाहून बघतो. हाताचं उलट असतं. हाताला आधी एक कड लागते, मग एक खाच, मग काहीतरी गुळगुळीत, आणि हे तुकडे मनात जोडून वस्तू तयार करावी लागते. ज्या मुलाने खरी वस्तू कधी हाताळलेलीच नाही, त्याच्या मनात तुकडे जोडायला काहीच नसतं. हे मला एका मुलाने शिकवलं. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाच वर्षांच्या एका पूर्ण अंध मुलाला मी प्लास्टिकचे प्राणी शिकवत होते. महिनाभरात तो सगळे ओळखायला लागला. हातात गाय दिली की ‘गाय’, घोडा दिला की ‘घोडा’. मी खूश, घरचे खूश. एक दिवस त्याने विचारलं, ‘बाई, गाय दूध देते तर कोणत्या भोकातून देते? हिला तर भोकच नाही.’ त्याच्या मनातली गाय मुठीएवढी, थंड आणि कडक होती.

त्या रविवारी त्याच्या वडिलांना घेऊन आम्ही हुडकेश्वरच्या पुढे एका ओळखीच्या गोठ्यात गेलो. गाय गरीब होती, मालक शेजारी उभा होता. मुलाचा हात आधी पोटाला लागला तसा त्याने झटकन मागे घेतला. अंग गरम होतं आणि हलत होतं. मग परत लावला. मानेपासून निघाला आणि एकेक पाऊल टाकत, हात न उचलता, पाठीवरून शेपटीकडे चालत गेला. मध्येच थांबून म्हणाला, ‘संपतच नाही!’ शेपटीचा गोंडा हातात आल्यावर उलटा फिरून पुन्हा मानेपर्यंत आला. कासेला हात लावला, मालकाने एक धार त्याच्या तळहातावर काढली. घरी आल्यावर तीच प्लास्टिकची गाय त्याने हातात घेतली आणि स्वतःच सांगितलं, ही गायीसारखी आहे, गाय नाही. तेव्हापासून मी क्रम मोडत नाही. आधी खरी वस्तू, मग तिची प्रतिकृती, मग उठावाचं चित्र, आणि शेवटी अक्षर.

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा लाकडी बैलांचा सण, ही या बाबतीत आपल्याकडची मोठी सोय आहे. पोळ्याच्या दिवशी तिला खऱ्या बैलाजवळ न्या. झूल, घुंगरू, गळ्यातली घंटा, शिंगांना लावलेला रंग, वशिंड, सगळं बैलवाल्याला विचारून हाताला लागू द्या. दुसऱ्या दिवशी लाकडी बैल हातात द्या. काल जिथे शिंगं लागली तिथेच आजही लागतात, वशिंड तिथेच, पाय तसेच चार. चाकं मात्र खऱ्याला नव्हती, तेही तिला सांगा. लाकडी बैल घेताना फार छोटा घेऊ नका. वीतभर लांबीचा, शिंगं बोथट, रंग न निघणारा असा बघा.

आता फेकण्याबद्दल. तुम्हाला तो हट्ट वाटतो. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्यामागे साधं कारण असतं: हातातून सुटलेली वस्तू तिच्यासाठी जगातून नाहीशी होते. दिसणारं मूल खुळखुळा पडला की बघतं, वाकतं, उचलतं. हिला तो कुठे गेला हेच कळत नाही. मग त्यातून मिळण्यासारखी एकच गोष्ट उरते, पडल्याचा आवाज, आणि तो मिळतो फेकल्यावर. म्हणजे वस्तू परत सापडते, हा अनुभव तिला हवाय.

अंध मुलांसोबत काम करणाऱ्या डेन्मार्कच्या लिली नीलसन यांनी याच गरजेतून ‘छोटी खोली’ बनवली. त्यांची स्वतःची काही भावंडं अंध होती. ही खोली म्हणजे तीन बाजूंनी बंद असलेली पेटी. वरच्या झाकणातून वस्तू लोंबत असतात, मूल आत बसतं किंवा निजतं. हात मारला की वस्तू हलते, वाजते आणि पुन्हा आपल्या जागी येते. पुढच्या वेळी हात तिथेच जातो. घरी हे टीव्ही किंवा कूलरच्या मोठ्या खोक्यात होतं. तुमची मुलगी बसू शकते, तेव्हा खोकं आडवं ठेवून समोरची बाजू कापा आणि वर भोकं पाडून जाड इलॅस्टिकने पाच-सहा वस्तू बांधा. लाकडी चमचा, स्टीलची छोटी वाटी, पितळी घुंगरांचा झुबका, टूथब्रश, जुन्या किल्ल्यांचा जुडगा, नारळाच्या शेंडीचा गुच्छ. वस्तू तिच्या हाताच्या टप्प्यात हव्यात, आणि पंधरा दिवस तरी त्यांची जागा बदलायची नाही. आपल्याला बघून कंटाळा येतो आणि आपण बदलतो, तिथे चूक होते. तिला अजून त्या जागा पाठ व्हायच्या असतात. पंधरा दिवसांनी एकच वस्तू बदला आणि बघा, तिचा हात जुन्या जागी जाऊन थबकतो का. थबकला तर समजा नकाशा तयार झाला. इलॅस्टिक गळ्याभोवती येणार नाही इतकं आखूड ठेवा, आणि तिला तिथे एकटीला सोडून दुसऱ्या खोलीत जाऊ नका.

त्यांचीच दुसरी युक्ती सोपी आणि फार कामाची आहे. साधारण चार फूट बाय चार फुटांची पातळ प्लायवूडची फळी घ्या आणि खाली कडेने पट्टी ठोका, म्हणजे फळी जमिनीपासून बोटभर वर राहील. तिला त्यावर बसवा. टाच आपटली, वाटी ठेवली, चिंचोका घरंगळला तरी आवाज आणि कंप दोन्ही तिच्या अंगापर्यंत येतात. कुठलाही सुतार हे तासाभरात करून देईल. कडा पॉलिश पेपरने नीट घासून घ्या, लाकडाची कुसळं हाताला टोचता कामा नयेत.

ओल्या-चिकट वस्तूंबद्दल घाई करू नका. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचे हातपाय कितीतरी दिवस सुया आणि सलाइनच्या पट्ट्यांत गेलेले असतात, आणि हातांना स्पर्श नकोसा होणं या मुलांत मी खूपदा पाहिलंय. एका घरी आजी मला म्हणाल्या, ‘काही हातात घेतच नाही जी हा, जबरदस्तीने धरून लावा लागते.’ तेच तर करायचं नाही. धरून लावलेला हात पुढच्या वेळी अजून लवकर आखडतो. हलका गुदगुल्यांसारखा स्पर्श या मुलांना जास्त त्रास देतो, ठाम आणि स्थिर स्पर्श चालतो. म्हणून आधी तळहात अंगठ्याने सावकाश दाबून चोळा. कोरड्यापासून सुरुवात करा: परातीत गहू, मग तांदूळ, मग रवा, मग कोरडी कणीक. सुरुवातीला हाताने नको म्हणाली तर चमच्याने ढवळू द्या, किंवा पाय बुडवू द्या. पाय पुष्कळदा हातांच्या आधी तयार होतात. कोरडी कणीक रुळली की तिच्यासमोर चार थेंब पाणी टाका. सगळी मळून दिलेली चिकट कणीक एकदम हातात दिली की बिनसतं. आणि एक काळजी घ्या: ती अजून वस्तू तोंडात घालत असेल, तर दाणे नकोत, नाकात-कानातही जातात. अशा मुलींना मी आवळा, अख्खी हळकुंडं, लिंबू असल्या मोठ्या वस्तू देते. तोंडात घालते म्हणून रागावू नका, ओठ आणि जीभ फार बारीक वाचतात, आणि न दिसणारी मुलं हे वाचन जरा जास्त वर्षं करतात. वस्तू धुऊन द्या, बस.

हात कसा द्यायचा, हे मात्र नीट समजून घ्या. आपल्याला सवय असते मुलाचा हात वरून पकडून वस्तूवर नेऊन ठेवायची. आता कल्पना करा, कुणी तुमची मान पकडून तुमचे डोळे एखाद्या गोष्टीवर दाबतंय. तिचे हात म्हणजे तिचे डोळे आहेत. म्हणून आपला हात तिच्या हाताखाली ठेवायचा. काम आपण करायचं, तिचा हात आपल्या हाताच्या पाठीवर. तिला वाटलं तर तिची बोटं घसरत आपल्या बोटांच्या पुढे वस्तूवर येतील, नाही वाटलं तर मागे राहतील. ठरवणार ती.

संत्रं घ्या. आंबिया बहाराचं ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिलपर्यंत मिळतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले निम्मे महिने हे खेळणं बाजारात असतं. तिला मांडीत घ्या, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, म्हणजे तुमचे हात तिच्या हातांच्याच दिशेने चालतील. आधी अख्खं संत्रं दोन्ही तळव्यांत. सालीवरचे बारीक खड्डे, देठाकडचा उंचवटा, खालचा खळगा. मग तुमचा अंगठा देठाजवळ घुसतो, तिचा अंगठा तुमच्या अंगठ्यावर. साल फाटताना जो ‘चर्र’ आवाज येतो तो ऐकू द्या, तेव्हाच वास उडतो आणि बारीक तुषार अंगावर येतात. ती दचकेल. थांबा, काही बोलू नका. आपण पुष्कळदा इथेच ‘बघ बघ, संत्रं! संत्रं कसं असतं? गोल गोल!’ असा भडिमार करतो आणि तिचं लक्ष हातातून कानात येतं. साल निघाल्यावर आतला पांढरा मऊ दोरा, मग सोललेला गोळा, जो हातात असतानाच दोन भागांत सुटतो. एकेक फोड वाटीत ठेवायची, प्रत्येकीचा टप असा आवाज. एक तिच्या तोंडात, एक आजीच्या. अख्खं आणि तुकडा, आत आणि बाहेर, खडबडीत आणि मऊ, भरलेलं आणि रिकामं, एक-दोन-तीन, सगळं त्या दहा मिनिटांत येतं. ज्या संचाचे तुम्ही पैसे देणार आहात त्यात यातलं निम्मंही नाही.

आणि म्हणून आजींना माझा निरोप द्या. त्यांची भीती खरी आहे, पण उपाय दाराबाहेर ठेवणं हा नाही. गॅसपासून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला किंवा जमिनीवर तिची एक ठरलेली जागा करा, पाट किंवा चटई. तिथे तिला सांभार (कोथिंबीर) निवडायला द्या, वाटाणे सोलायला द्या, लसणाच्या पाकळ्या सुट्या करायला द्या, डब्यांची झाकणं लावायला द्या. गरम म्हणजे काय, हे कोमट वाटीच्या बाहेरून तिला कळू द्या. झाकण फिरवून लावणारी, शेंगा फोडणारी बोटं पुढे ब्रेल लिहिणार आहेत. लिहायला ताकद लागते आणि एकेक बोट सुटं चालावं लागतं, ते इथेच घडतं.

डाव्या डोळ्याने थोडं दिसतं ना, मग ते वापरायचं. स्पर्श शिकवतो म्हणजे नजर बाजूला ठेवतो असं नाही. काळ्या ताटलीत पिवळं लिंबू, गडद चटईवर पांढरी वाटी असा ठळक फरक ठेवा. स्टीलचं ताट उजेडात चकाकतं आणि उरलेली नजर दिपवतं, खेळताना ते टाळा. उजेड तिच्या मागून किंवा बाजूने येऊ द्या. वस्तू जवळ नेऊन बघते तर बघू द्या, त्याने डोळे बिघडत नाहीत. टीव्ही मात्र बंद. जे मूल कानांवर इतकं अवलंबून आहे, त्याच्यासाठी चालू टीव्ही म्हणजे खोलीतलं धुकं.

दिवसाचा क्रम तिला वस्तूंमधून द्या. आंघोळीआधी छोटा रुमाल हातात, जेवणाआधी तिचाच चमचा, बाहेर जाताना चप्पल. रोज तीच वस्तू, कामाच्या अगदी आधी. नंतर बुटांची चार खोकी डावीकडून उजवीकडे एका पट्टीवर चिकटवून त्यात सकाळच्या चार वस्तू ठेवा. काम झालं की ती वस्तू एका टोपलीत टाकायची, ‘झालं’. पुढे काय होणार हे कळलं की रडारड बरीच कमी होते. आणि न कळत तिचा हात डावीकडून उजवीकडे जायला शिकतो, जे ब्रेलला लागणारच आहे.

पुस्तक हवंच असेल तर घरी करा. उठावाच्या चित्रांत माझी मुख्य तक्रार ही की ती डोळ्याच्या चित्राची नुसती कड वर उचलतात. हत्तीची बाहेरची रेघ बोटाला हत्ती वाटत नाही, नुसती वळणं लागतात. त्यापेक्षा गांधीबागेतून कापडाचे तुकडे आणा: मखमल, सॅटिन, खादी, गोणपाट, टर्किश टॉवेल. प्रत्येकाचे दोन-दोन सारखे चौकोन. आधी दोनच जोड्या, ‘सारखं’ आणि ‘वेगळं’ एवढंच. नावं नंतर. दुसरं पुस्तक तिच्या दिवसाचं: फुटाळा तलावावर गेलात तर तिथली काडी, खाल्लेल्या कणसाच्या वरचं कोरडं पान, रिकामा कागदी कप. जाड पुठ्ठ्याच्या एका पानावर एकच वस्तू, पक्की शिवलेली. उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याचा एक झुबका शिवा, वासासकट. ही गोष्ट तिची स्वतःची असेल, आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल. वाचन म्हणजे बोटांनी गोष्ट उलगडणं, हे पहिल्यांदा इथे कळतं.

आता ब्रेल. शिकवायला अजून वेळ आहे, भेटवायला मात्र आजपासून हरकत नाही. दिसणाऱ्या मुलाला अक्षरं शिकण्याआधी दुकानांच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे असं वर्षानुवर्षं लिहिलेलं दिसत असतं. तुमच्या मुलीच्या बोटांखाली तसं ब्रेल पडत राहिलं पाहिजे: तिच्या डब्यावर, कपाटावर, घरच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर. तुम्ही स्वतः शिका. तुम्हाला ते डोळ्यांनी वाचायचंय, त्यामुळे वाटतं तितकं अवघड नाही. एका घरात सहा टिंबं (डावीकडे वरून खाली एक-दोन-तीन, उजवीकडे चार-पाच-सहा), त्यांच्या ६३ जुळण्या. १९५१ पासून भारतीय भाषांना भारती ब्रेल आहे आणि मराठीही त्यातच लिहितात. ‘अ’ म्हणजे फक्त पहिलं टिंब, ‘ब’ म्हणजे पहिलं आणि दुसरं, ‘आ’ म्हणजे तीन-चार-पाच. काना-मात्रा अक्षराला चिकटत नाहीत, स्वर अक्षरानंतर वेगळ्या घरात येतो. म्हणून ‘आई’ दोन घरांत मावते आणि ‘बाबा’ला चार लागतात.

या सहा टिंबांची जागा मोठ्या आकारात शिकवायला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे कापा, तीन आडव्या ओळी, दोन उभ्या रांगा, आणि त्यात मोठे चेंडू ठेवा. तुम्ही पाहिलेले ठोकळेही याच कामाचे आहेत, एवढंच. एक लक्षात असू द्या: खऱ्या ब्रेलचं टिंब साधारण अर्धा मिलिमीटर उंच असतं आणि दोन टिंबांत सुमारे अडीच मिलिमीटरचं अंतर. पूर्ण अक्षर एका बोटाच्या टोकाखाली मावतं. मोठ्या ठोकळ्यांवर पटापट अक्षरं सांगणारी मुलं कागदावर अडकलेली मी पाहिलीत, कारण ठोकळा ती पकडून ओळखत होती, बोट सरकवून नाही. म्हणून बोट सरकवण्याचा खेळ आधी हवा: पुठ्ठ्यावर लोकरीची सरळ रेघ चिकटवा, टोकाला एक मऊ गोंडा. दोन्ही हातांनी, हलक्या बोटांनी, रेघ न सोडता गोंड्यापर्यंत जायचं. मग तुटक रेघ, मग दोन रेघा एकाखाली एक.

पाटी आणि टोच्याची, म्हणजे हाताने ब्रेल टोचून लिहायच्या साधनांची, घाई करू नका. त्यात उजवीकडून डावीकडे उलटं टोचावं लागतं आणि लिहिलेलं वाचायला कागद उलटा करावा लागतो, लहान मुलाला ते कोडंच वाटतं. पर्किन्स ब्रेलर, म्हणजे ब्रेल लिहायचं टाइपरायटरसारखं यंत्र, कुठे वापरायला मिळाला तर उत्तम. त्याच्या सहा कळा एकत्र दाबता येतात आणि लिहिलेलं लगेच बोटाखाली येतं. तो महाग आहे, त्यामुळे विकत घेण्याआधी शाळेत किंवा केंद्रात चौकशी करा. आपल्याकडे दक्षिण अंबाझरी मार्गावर अंध विद्यालय आहे, केंद्र सरकारचं सीआरसीही (दिव्यांगांसाठीचं केंद्र) नागपुरात आहे. दोन्हीकडे एकदा मुलीला घेऊन जा आणि फोनवर ऐकलेल्यावर निर्णय घेऊ नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) अजून काढलं नसेल तर काढा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा तुम्हाला हव्या त्या विशेष शाळेत. केंद्राच्या एडिप योजनेतून साधनंही मिळतात.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं मात्र थांबवू नका. आरओपी झालेल्या डोळ्यांत पुढे नंबर वाढणं, काचबिंदू, पडदा सुटणं असे त्रास उशिरानेही होऊ शकतात, आणि डाव्या डोळ्याची उरलेली नजर फार मोलाची आहे. अचानक ती जवळचंही चाचपडायला लागली किंवा डोळा लाल झाला तर त्याच दिवशी दाखवा.

येत्या पंधरा दिवसांत तीनच गोष्टी करा: खोक्याची पेटी, कोरड्या गव्हाची परात, आणि स्वयंपाकघरात तिची जागा. एक वही ठेवा. रोज किती वेळा फेकलं, कोणती वस्तू स्वतःहून परत शोधली, परातीत हात किती वेळ राहिला, एवढंच तारखेसह लिहा. ती वही मला दाखवा, पुढच्या वस्तू त्यावरून ठरवू.